ओटीपोटाचे जुने दुखणे, इंजेक्शनचे उपचार आणि कालाम सुत्ताची कसोटी



स्मरणिकेच्या पानांवर आपण धम्म, शिक्षण आणि संघटन या विषयांवर नेहमी वाचतो. प्रस्तुत लेखाचा विषय थोडा निराळा आहे. तो घराघरांत आहे, परंतु बैठकीत कोणी काढत नाही. तो विषय म्हणजे स्त्रियांचे ओटीपोटाचे जुने दुखणे, त्यावर दिली जाणारी इंजेक्शने आणि ती खरोखर गुणकारी आहेत की नाहीत हे ठरविण्याची पद्धत.

तथागतांनी सांगितलेल्या चार आर्यसत्यांपैकी पहिले सत्य दुःखाच्या अस्तित्वाचे आहे. दुःख आहे हे मान्य केल्याशिवाय त्याचे कारण शोधता येत नाही आणि कारण सापडल्याशिवाय त्याचा निरोधही होत नाही. आपल्या घरातील स्त्रीच्या बाबतीत मात्र आपण पहिल्याच पायरीवर अडखळतो. "बाईच्या जातीला एवढे चालायचेच," असे म्हणून तिचे दुखणे आपण मोडीत काढतो. आणि जेव्हा ते मान्य करतो, तेव्हा कोणीही सांगितलेल्या कोणत्याही उपचारामागे धावतो. या दोन्ही चुका टाळाव्यात, एवढेच सांगण्यासाठी हा लेख आहे. वेदनेवर विश्वास ठेवावा, उपचाराची मात्र परीक्षा करावी.

हे दुखणे म्हणजे काय?

बेंबीच्या खाली, ओटीपोटात, कंबरेच्या आतल्या भागात सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ राहणाऱ्या दुखण्याला वैद्यकशास्त्र जुने ओटीपोटाचे दुखणे म्हणते. कोणाला सतत ठणका असतो, कोणाला कळा येतात, कोणाला बसताना, शौचाच्या वेळी किंवा पतीजवळ जाताना दुखते. पाळीच्या दिवसांत ते वाढू शकते, पण पाळी संपली तरी पूर्ण जात नाही.

याची कारणे अनेक आहेत. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखे ऊतक गर्भाशयाच्या बाहेर वाढते, त्या रोगाला एंडोमेट्रिऑसिस म्हणतात. गर्भनलिकांची जुनी सूज, आपल्या देशात जननेंद्रियांचा क्षयरोग, मूत्राशयाचे आणि आतड्याचे विकार, पूर्वीच्या शस्त्रक्रियेनंतर आत पडलेल्या गुंतवळी, ही आणखी काही कारणे. पुष्कळ स्त्रियांमध्ये ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सतत आवळलेले राहतात. पिंडरीत गोळा आला की किती दुखते, हे आपण जाणतो. तसाच गोळा आतल्या स्नायूंना महिनोन्‌महिने राहिला तर काय होत असेल याची कल्पना करावी. काही वेळा मूळ रोग बरा झाला तरी मज्जासंस्थेला दुखण्याची सवय लागून जाते आणि दुखणे चालूच राहते. अशा वेळी सोनोग्राफीत काही दिसत नाही. काही दिसत नाही म्हणजे काही नाही, असा अर्थ मात्र काढू नये.

हे दुखणे दुर्मीळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेसाठी निरनिराळ्या देशांतील पाहण्यांचा आढावा घेण्यात आला. तो २००६ साली प्रसिद्ध झाला. पाळीशी संबंध नसलेल्या ओटीपोटाच्या दुखण्याचे प्रमाण त्यात कोठे शंभरात दोन, तर कोठे शंभरात चोवीस असे आढळले. ब्रिटनमधील एका अभ्यासात हे दुखणे घेऊन डॉक्टरांकडे येणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण दम्याच्या आणि पाठदुखीच्या रुग्णांइतकेच भरले.

आपल्या महाराष्ट्राचे उदाहरण तर डोळे उघडणारे आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष १९८९ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात आले. शंभरातील ९२ स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होता. आणि याआधी कधी आतून तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या शंभरात केवळ ८. म्हणजे रोग घरोघरी होता, तपासणी मात्र कोणाचीच नव्हती. स्त्रिया बोलत नव्हत्या, कारण त्यांना कोणी विचारलेच नव्हते.

सुईवरचा विश्वास

आपल्या वस्त्यांत आणि खेड्यांत एक समजूत पक्की आहे. सुई टोचली म्हणजे गुण येतो. "डॉक्टरांनी सुई दिली नाही, नुसत्या गोळ्या दिल्या," अशी तक्रार आपण सर्वांनी ऐकली आहे. काही डॉक्टरही रोग्याचे समाधान व्हावे म्हणून गरज नसताना सुई देतात. म्हणून इंजेक्शनची परीक्षा गोळीपेक्षा अधिक काटेकोरपणे व्हावयास हवी.

ओटीपोटाच्या जुन्या दुखण्यावर वापरण्यात येणाऱ्या इंजेक्शनांचे ढोबळ मानाने तीन प्रकार आहेत. पहिला प्रकार भूल देणाऱ्या औषधांचा. लिग्नोकेनसारखे औषध आवळलेल्या स्नायूच्या दुखऱ्या जागी किंवा मज्जातंतूजवळ टोचतात. त्यात कधी कधी स्टेरॉइड मिसळतात. दुसरा प्रकार संप्रेरकांचा, म्हणजे हार्मोन्सचा. पाळीचे चक्र थांबवून किंवा मंद करून एंडोमेट्रिऑसिसचे दुखणे कमी करावे, हा त्यामागील विचार. तिसरा प्रकार बोट्युलिनम विषाचा. यालाच लोक 'बोटॉक्स' या व्यापारी नावाने ओळखतात.

विष हे औषध कसे, असा प्रश्न पडेल. जर्मनीतील यस्टिनस केर्नर या वैद्याने १८२० च्या सुमारास खराब झालेल्या मांसाच्या पदार्थांतून होणाऱ्या विषबाधेचा अभ्यास केला. या विषाने स्नायू लुळे पडतात असे त्याला दिसले. पुढे कळले की हे विष एका जंतूपासून तयार होते आणि मज्जातंतूकडून स्नायूला मिळणारा आकुंचनाचा निरोप ते अडविते. मग अत्यंत सूक्ष्म मात्रेत ते आवळलेल्या स्नायूंना सैल करण्यासाठी वापरता येईल, असा विचार पुढे आला. अमेरिकेत १९८९ साली तिरळेपणा आणि पापण्यांच्या आकडीसाठी त्यास मान्यता मिळाली. त्याचा परिणाम काही दिवसांत सुरू होतो आणि साधारणपणे तीन ते चार महिन्यांनी ओसरतो. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळल्यामुळे दुखत असेल तर हेच औषध तेथे का चालू नये, हा प्रश्न स्वाभाविक होता. परंतु तर्काला पटले म्हणून ते खरे ठरत नाही.

कालाम सुत्त काय शिकविते?

अंगुत्तर निकायातील कालाम सुत्त आपल्याला परिचित आहे. केसपुत्त या गावी कालाम लोकांनी भगवान बुद्धांना विचारले की, निरनिराळे आचार्य येतात, प्रत्येक जण आपलेच मत खरे म्हणतो, आम्ही कोणाचे मानावे? तेव्हा तथागतांनी त्यांना ऐकीव गोष्ट, परंपरा, ग्रंथाचा आधार, निव्वळ तर्क किंवा गुरूचा मोठेपणा यांवर विसंबून न राहण्यास सांगितले. हा उपदेश मुख्यतः कुशल आणि अकुशल आचरणाविषयी आहे, औषधांविषयी नव्हे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु त्यातील चिकित्सक वृत्ती औषधालाही लागू पडते. डॉक्टर मोठा आहे, औषध महाग आहे, परदेशातून आले आहे, शेजारणीला गुण आला, यांपैकी एकही गोष्ट पुरावा होत नाही.

येथे कोणी म्हणेल, "पण माझा स्वतःचा अनुभव तर खरा ना? मला सुई दिली आणि बरे वाटले." अनुभव खराच आहे. पण तो सुईमुळेच आला हे कशावरून? याची तीन उत्तरे संभवतात. एक, जुने दुखणे कमीजास्त होत असते. माणूस दवाखान्यात जातो तो दुखणे सर्वांत अधिक असताना. त्यानंतर काही न करताही ते थोडे उतरतेच. दोन, कोणीतरी आपले ऐकून घेतले, तपासले, काळजी घेतली, यानेच मन आणि शरीर सैल होते. तीन, औषधाने खरोखर काम केले. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात आणि एकट्या रोग्याला त्या वेगळ्या करता येत नाहीत. म्हणून परीक्षेची एक पद्धत शोधावी लागली.

ती पद्धत अशी. एकाच प्रकारचे दुखणे असणाऱ्या आणि संमती देणाऱ्या रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट पाडतात. श्रीमंत-गरीब, सौम्य-तीव्र असा भेद करून नव्हे, तर निव्वळ योगायोगाने. एका गटाला खरे औषध देतात, दुसऱ्याला तसेच दिसणारे सलाइन, म्हणजे मिठाचे पाणी. कोणाला काय मिळाले हे रुग्णालाही माहीत नसते आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही नसते. ते गुपित तिसऱ्याजवळ असते. मुदत संपल्यावर गुपित उघडून दोन्ही गट ताडून पाहतात. सलाइनच्या गटात जेवढा आराम पडला तेवढा औषधाचा नव्हे. त्याहून अधिक जो असेल तोच औषधाचा. विद्यार्थ्यांनी हे एक सूत्र लक्षात ठेवले तरी वर्तमानपत्रातील निम्म्या जाहिरातींचा फोलपणा त्यांच्या ध्यानी येईल.

सिडनीची चाचणी

ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे जेसन ॲबट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोट्युलिनमची अशीच चाचणी केली. ती २००६ साली प्रसिद्ध झाली. दोन वर्षांहून अधिक काळ दुखणे असलेल्या आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळलेल्या ६० स्त्रिया तीत सहभागी झाल्या. तीस जणींना त्या स्नायूंत ८० युनिट बोट्युलिनम टोचले, तीस जणींना सलाइन. पुढे सहा महिने दर महिन्याला त्यांना दुखण्याचे गुण विचारले. शून्य म्हणजे अजिबात नाही, शंभर म्हणजे कल्पनेतील सर्वांत वाईट दुखणे. शिवाय स्नायूंचा दाब यंत्राने मोजला.

निष्कर्ष काळजीपूर्वक वाचण्यासारखे आहेत. शरीरसंबंधाच्या वेळचे दुखणे औषधाच्या गटात ६६ वरून १२ वर आले. एवढेच आकडे जाहिरातीत छापले तर कोणीही म्हणेल, हे तर अमृत! परंतु सलाइनच्या गटातही ते ६४ वरून २७ वर आले होते. म्हणजे एका गटात ५४ गुणांची घट आणि दुसऱ्या गटात, ज्यांना केवळ मिठाचे पाणी मिळाले, त्यांच्यात ३७ गुणांची घट. औषधाच्या पदरात पडतात ते उरलेले सुमारे १७ गुण. पाळीव्यतिरिक्तचे दुखणे औषधाच्या गटात ५१ वरून २२ वर आले. सलाइनच्या गटात या दुखण्यात खात्रीने म्हणावी अशी घट झाली नाही. स्नायूंचा दाब औषधाने ४९ वरून ३२ वर आणला, सलाइनच्या गटात तो ४४ वरून ३९ झाला.

औषधाने स्नायूंचा दाब सलाइनपेक्षा अधिक उतरतो, हे या चाचणीने दाखविले. दुखण्याच्या बाबतीत मात्र दोन्ही गट समोरासमोर ठेवले तेव्हा फरक ठामपणे सिद्ध होण्याइतका भरला नाही. साठ स्त्रिया ही संख्या लहान होती, हे त्याचे एक कारण असू शकते. म्हणून संशोधकांनीही जपून निष्कर्ष काढला. ज्या स्त्रियांचे स्नायू आवळलेले आहेत आणि फिजिओथेरपीने ज्यांना गुण आलेला नाही, अशांना हे औषध उपयोगी पडू शकेल, एवढेच ते म्हणाले. 'सर्वांना' म्हणाले नाहीत, 'पहिला उपचार म्हणून' म्हणाले नाहीत आणि 'खात्रीने' असेही म्हणाले नाहीत.

इतर चाचण्यांचा कौल

एका चाचणीवर थांबू नये, हाही शास्त्राचा नियम आहे. डेन्मार्कमध्ये योनिमुखाच्या जुन्या दुखण्यासाठी ६४ स्त्रियांवर बोट्युलिनमची चाचणी झाली, ती २००९ साली प्रसिद्ध झाली. औषध घेतलेल्या आणि सलाइन घेतलेल्या अशा दोन्ही गटांना आराम पडला, पण दोहोंत फरक आढळला नाही. अमेरिकेत ओटीपोटाच्या स्नायूंच्या दुखण्यासाठी २०० युनिट, म्हणजे सिडनीपेक्षा अडीचपट मात्रा वापरून ५९ स्त्रियांवर चाचणी झाली. ती २०१९ साली आली. तेथेही औषध सलाइनपेक्षा निश्चितपणे सरस ठरले नाही. या औषधाने लघवीवरचा ताबा काही काळ सुटणे किंवा बद्धकोष्ठ होणे असे त्रास काही जणींना होतात. ते महाग आहे आणि परिणाम ओसरला की पुन्हा घ्यावे लागते.

स्टेरॉइडची गोष्ट अशीच बोधप्रद आहे. बैठकीच्या भागातील मज्जातंतूच्या दुखण्यासाठी भुलीच्या औषधात स्टेरॉइड मिसळून टोचण्याची पद्धत अनेक वर्षे रूढ होती. फ्रान्समध्ये २०१ रुग्णांवर तिची परीक्षा झाली आणि २०१७ साली निष्कर्ष आला की स्टेरॉइड मिसळल्याने अधिक फायदा होत नाही. रूढी मोठी असली तरी परीक्षेत ती नापास होऊ शकते. गोळ्यांनाही हा न्याय चुकत नाही. गाबापेंटिन नावाची गोळी या दुखण्यासाठी सर्रास लिहून दिली जात असे. ब्रिटनमध्ये ३०६ स्त्रियांवर तिची चाचणी झाली. २०२० साली कळले की बनावट गोळीपेक्षा तिचा उपयोग अधिक नाही, चक्कर आणि गुंगी मात्र अधिक आहे.

तर काही औषधे परीक्षेत उत्तीर्णही झाली. ल्युप्रोलाइड नावाच्या हार्मोन-इंजेक्शनची १९९९ साली अमेरिकेत १०० स्त्रियांवर चाचणी प्रसिद्ध झाली. एंडोमेट्रिऑसिसचा संशय असलेल्या स्त्रियांचे दुखणे तीन महिन्यांत सलाइनसारख्या निष्क्रिय इंजेक्शनपेक्षा स्पष्टपणे अधिक कमी झाले. पण या औषधाने हाडे ठिसूळ होऊ लागतात आणि अंगातून गरम वाफा निघाल्यासारखे होते. पुढे २००६ साली त्याची तुलना त्वचेखाली घ्यावयाच्या मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन या स्वस्त इंजेक्शनशी झाली. दुखणे कमी करण्यात दोन्ही सारखी ठरली, हाडांची हानी मात्र दुसऱ्यात कमी झाली. परीक्षेचा गरिबाला काय उपयोग, असे विचारणाऱ्यांसाठी हे उत्तर आहे. परीक्षा झाली नसती तर महाग तेच चांगले, असे मानून आपण कर्ज काढले असते.

आपल्या भगिनींना 'अंतरा' हे सरकारी इंजेक्शन ठाऊक आहे. त्यातही मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉनच असते. पण ते गर्भनिरोधनासाठी आहे. दुखण्यासाठी म्हणून ते आपल्या मनाने घेऊ नये. आधी तपासणी, मग निदान, मग औषध, हाच क्रम ठेवावा.

परीक्षा कोणावर?

एक प्रश्न आपल्या समाजाने विचारलाच पाहिजे. परीक्षा हवी हे खरे, पण ती कोणाच्या शरीरावर आणि कोणाच्या परवानगीने?

स्त्रीरोगशास्त्राचा इतिहास या बाबतीत स्वच्छ नाही. अमेरिकेतील अलाबामा राज्यात १८४५ ते १८४९ या काळात जे. मॅरियन सिम्स या शल्यचिकित्सकाने गुलाम स्त्रियांवर भूल न देता वारंवार शस्त्रक्रिया केल्या. त्यांपैकी अनार्का, बेट्सी आणि लुसी ही तीन नावे नोंदली गेली आहेत. एकट्या अनार्कावर सुमारे तीस शस्त्रक्रिया झाल्या. नकार देण्याचा अधिकार त्यांना नव्हता. सिम्स यांना मोठा मान मिळाला, पुतळे उभे राहिले. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कजवळचा त्यांचा पुतळा २०१८ साली हटविण्यात आला.

हे दूरचे झाले. आपल्या देशात १९८५ साली हैदराबादजवळील पाटणचेरू येथे नेट-एन या गर्भनिरोधक इंजेक्शनच्या चाचणीसाठी गरीब स्त्रियांना पुरेशी माहिती न देताच गोळा केले जात असल्याचे स्त्री शक्ती संघटनेच्या कार्यकर्त्यांना आढळले. त्या संघटनेने आणि इतर स्त्री-संघटनांनी १९८६ साली सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. पुढे २००९ साली आंध्रातील खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातेत मुलींना एचपीव्ही लस देण्याच्या प्रकल्पात आई-बापांऐवजी वसतिगृहप्रमुखांच्या सह्या घेतल्या गेल्याचे चौकशीत उघड झाले. २०१० साली तो प्रकल्प थांबविण्यात आला. ती लस वाईट होती असा याचा अर्थ नाही, जगभर ती उपयुक्त ठरली आहे. दोष होता संमतीचा. गरिबाच्या मुलीची संमती दुसऱ्या कोणी तरी देऊन टाकली, हा तो दोष.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूतिलाभ विधेयकास पाठिंबा दिला होता. स्त्रीच्या शरीराचे कष्ट हा सार्वजनिक न्यायाचा विषय आहे, तिचे खासगी नशीब नव्हे, ही दृष्टी त्यामागे होती. तीच दृष्टी येथेही ठेवली पाहिजे.

आज आपल्या देशात नवीन औषधे आणि चिकित्सालयीन चाचण्यांचे नियम, २०१९ लागू आहेत. चाचणीत घेण्यापूर्वी व्यक्तीला समजेल अशा भाषेत माहिती द्यावी लागते आणि लेखी संमती घ्यावी लागते. वाचता येत नसेल तर निःपक्ष साक्षीदार लागतो. संमतीपत्राची प्रत मिळणे हा सहभागी व्यक्तीचा हक्क आहे. कारण न सांगता केव्हाही बाहेर पडता येते. चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार आणि नुकसानभरपाईची तरतूद आहे. २००९ पासून औषधांच्या चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवहीत नोंद करणेही सक्तीचे झाले आहे. नियम कागदावर आहेत. ते वस्तीपर्यंत आणणे हे आपल्यासारख्या संस्थांचे काम आहे.

परीक्षा न झालेल्या उपचाराची किंमत

चाचणीची भीती वाटून परीक्षाच नको, असे म्हणणे हाही मार्ग नव्हे. परीक्षेशिवाय काय घडते ते बीड जिल्ह्याने दाखविले. २०१९ साली शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत तेथील ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. पाळीच्या दिवसांत काम चुकते, खाडा पडला की मजुरी जाते, पोट दुखते, अंगावरून जाते, आणि त्यावर सोपा उपाय म्हणून "पिशवी काढून टाका" असा सल्ला मिळतो. गर्भाशय काढूनही पुष्कळ जणींचे दुखणे राहतेच, कारण ते मुळात स्नायूंचे, मूत्राशयाचे किंवा मज्जातंतूंचे असू शकते. काढलेला अवयव परत येत नाही. अशा स्त्रियांवर कोणी चाचणी केली नव्हती. त्यांच्यावर परीक्षा न झालेला निर्णय लादला गेला होता.

आपण काय करावे?

आपल्या घरातील किंवा वस्तीतील एखाद्या भगिनीला असे दुखणे असेल आणि तिला इंजेक्शन किंवा शस्त्रक्रिया सुचविली गेली असेल, तर तिने किंवा तिच्यासोबत गेलेल्या सुशिक्षित मुला-मुलीने डॉक्टरांना नम्रपणे पुढील प्रश्न विचारावेत.

१. माझ्या दुखण्याचे कारण काय ठरले आहे? आतून तपासणी झाली आहे काय?

२. हे इंजेक्शन नेमके कोणते? त्याचे नाव कागदावर लिहून द्याल काय?

३. सलाइनशी किंवा दुसऱ्या औषधाशी तुलना करून याची परीक्षा झाली आहे काय? किती जणींना गुण आला?

४. परिणाम किती दिवस टिकेल आणि त्रास कोणते होऊ शकतील?

५. याआधी फिजिओथेरपी, व्यायाम किंवा साध्या गोळ्यांचा उपाय करता येईल काय?

६. हा नेहमीचा उपचार आहे की चाचणी? चाचणी असेल तर संमतीपत्राची प्रत मला मिळेल काय?

प्रश्न विचारणे म्हणजे डॉक्टरांचा अपमान नव्हे. चांगला डॉक्टर अशा प्रश्नांनी आनंदित होतो. जो चिडतो त्याच्याविषयी दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे. मात्र दुखणे एकाएकी असह्य झाले, सोबत ताप असेल, पाळी चुकली असताना दुखू लागले, किंवा पाळी कायमची थांबल्यावर रक्त गेले, तर प्रश्नांत वेळ न घालवता तत्काळ इस्पितळ गाठावे.

आपल्या महिला मंडळाने वर्षातून एकदा तरी विहारात केवळ याच विषयावर बैठक घ्यावी. तीत पुरुषांनीही ऐकण्यासाठी बसावे. वैद्यकीय, परिचारिका आणि औषधनिर्माण शाखेच्या आपल्या विद्यार्थ्यांनी वर दिलेल्या चाचण्या स्वतः वाचून साध्या मराठीत समजावून द्याव्यात. शिकलेल्या मुलांनी समाजाचे ऋण फेडण्याचा हा एक मार्ग आहे.

सिडनीच्या चाचणीतील एक गोष्ट अखेरीस पुन्हा सांगावीशी वाटते. ज्या तीस स्त्रियांना केवळ मिठाचे पाणी मिळाले, त्यांचेही एक दुखणे ६४ वरून २७ वर आले. त्यांचे दुखणे खोटे होते असा याचा अर्थ नाही. त्यांतील काही घट दुखण्याच्या चढउतारामुळे असेल. पण दोन वर्षांहून अधिक काळ सोसणाऱ्या त्या स्त्रियांना त्या सहा महिन्यांत दर महिन्याला कोणीतरी विचारत होते की, बाई, आज किती दुखते? हा प्रश्न विचारण्यास इंजेक्शन लागत नाही, पैसा लागत नाही, पदवीही लागत नाही. तो आपल्या घरात आज संध्याकाळीच विचारता येईल.

जयभीम! नमो बुद्धाय!